राखेतला पंजा

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाबाने राखेने माखलेला पांढराफटक हात लाँड्रीवालीच्या ओल्या दंडावर टेकवला. चेल्याने तिथे आधीच पाणी शिंपडलं होतं. हात उचलला तेव्हा दंडावर लाल पंजा उमटू लागला होता. लोक जागच्या जागी उभे राहिले.

"मी कोण हो? नुसता पोस्टमन! पत्र वरून येतं, मी शिक्का मारतो," बाबा म्हणाला. "आग होते? होणारच. पाप काय गुदगुल्या करत बाहेर पडतं?"

आग होत होती, पण लाँड्रीवालीला ती दुसऱ्या कुणाची तरी वाटत होती. नवरा गेल्यापासून तिला सगळंच तसं वाटत होतं. तेव्हापासून तिची लेकही मुकी झाली होती. उद्या बाबा लेकीच्या गळ्यावर हात ठेवून तिला बोलतं करणार होता. जावेनेच ठरवलं होतं.

सकाळी लाँड्रीत कामगारांना तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. दंड पाहून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"कृपा. कुणी म्हणतं अ‍ॅलर्जी." लाँड्रीत अंगावर काहीही उठलं की त्याला अ‍ॅलर्जीच म्हणत.

"अ‍ॅलर्जी तुझ्या मनगटावर आहे, हातमोज्याच्या रबराची. ती कधी उठते?"

"मोजे घातले की दुसऱ्या दिवशी. खाजते. मग वर पसरत जाते."

"आणि हा पंजा?"

"लगेच उठला. खाज नाही, आग."

"राख लागली तेवढ्याच जागी. काठ बघ, कातरल्यासारखा. अजून कुणाला उठला?"

"हात ठेवला त्या सगळ्यांना. आज लेकीच्या गळ्यावर ठेवणार आहे, ती बोलावी म्हणून."

"अ‍ॅलर्जी एखादीला होते. सगळ्यांना होतं ते भाजणं. राखेत कॉस्टिक सोडा आहे, पाणी लागलं की कातडी जाळतं. आणि हे तो गळ्यावर ठेवणार?"

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना घेऊन लाँड्रीवाली हॉलवर गेली. काहींच्या दंडावर पंजे उठूनही झाले होते, आणि जाऊ लेकीला पुढे बसवून तयारच होती. चेल्याने पाण्याचा तांब्या उचलला.

"बाबा, आधी हात धुवा," लाँड्रीवाली म्हणाली.

"अगं, वेड लागलं का तुला?" जाऊ कुजबुजली.

"धुतला की शक्ती जाते, माते."

"मग आधी तुमच्या गळ्याला लावा." तिने त्याचं कोपर धरलं आणि तो हात त्याच्याच गळ्याकडे वळवला.

"सोड! भाजेल ना!" बाबा ओरडला.

त्याचा शब्द सगळ्यांनी ऐकला होता. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले आणि बाबाच्या पंजावरची राखेने झाकलेली पातळ रबरी झिल्ली ओढून काढली. आतली कातडी लोण्यासारखी मऊ होती.

"तुमच्यासारखीच याचीही कातडी जळते, म्हणून हा मोजा," त्या म्हणाल्या. "आज ज्यांना राख लागली, त्यांनी ती कोरड्या फडक्याने झटकून टाका आणि नळाखाली उभे राहा. बराच वेळ. वर लिंबू नको, तेल नको."

"आणि पाप?" मागून एका म्हातारबांनी विचारलं.

"त्याचं नंतर बघू, आजोबा. आधी पाणी."

लोक नळाकडे निघाले. जावेची मान खाली होती. लाँड्रीवालीने लेकीचा गळा बोटांनी चाचपला. कातडी कोरडी होती, शाबूत होती.

लेक त्या दिवशी बोलली नाही. धसक्याने वाचा गेलेल्या मुलांना बोलतं करणारे डॉक्टर असतात. त्यांना वेळ लागतो आणि ते तसं सांगतातही. चुटकीसरशी बरं करतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: हेच तू आधी स्वतःला लावशील का?