खाटेजवळचे स्टूल

मित्रांनो, तीन पाय शाबूत आणि चौथ्याला पत्र्याची पट्टी असलेले मी एक जुने लाकडी स्टूल आहे. सुताराकडे दरवाजे करून उरलेल्या फळ्यांतून माझा जन्म झाला. तिथून मी थेट रुग्णालयात आले आणि पुरुषांच्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेपाशी स्थिरावले.

माझा मान मोठा होता. भेटायला येणारे उभ्या उभ्या बोलून जात. माझ्यावर दिवसभर बसायचा हक्क फक्त घरच्या माणसाचा. माझ्यावर बसून आयांनी सफरचंदे सोलली, मुलांनी डुलक्या काढल्या, बायकांनी नवऱ्यांना बोल लावत त्यांचे पाय चेपले. वॉर्डातल्या मावशी मला रोज पुसत. मी अगदी फुगून जात असे.

एकदा त्या खाटेवर एक शिंपीकाका आले. पोटाचे ऑपरेशन होते. सोबत घड्याळे दुरुस्त करणारे घड्याळकाका होते. दोघांचा एकमेकांवर जीव होता आणि तरुणपणापासून त्यांनी एकच संसार केला होता. पण लोक काय म्हणतील या धाकाने ते सगळीकडे 'आम्ही मावसभाऊ' असे सांगत. सिस्टरांनाही तेच सांगितले. घड्याळकाका माझ्यावर बसून शिंपीकाकांच्या ओठांना ओला कापूस लावत राहिले.

दुसऱ्या दिवशी शिंपीकाकांचे सख्खे भाऊ उगवले. "आमच्या आईला बहीणच नाही," ते म्हणाले. "हा मावसभाऊ आला कुठून?"

सिस्टरांनी नियमावर बोट ठेवले आणि घड्याळकाका बाहेर गेले. सख्खे भाऊ माझ्यावर बसून घोरू लागले. शिंपीकाकांनी पाणी मागितले, तेव्हा दाराच्या काचेपलीकडे उभे असलेले घड्याळकाकाच तेवढे कासावीस झाले. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या मानाची लाज वाटली.

शिंपीकाका बरे झाले. मग दोघांनी धाक सोडला आणि न्यायालय गाठले. राज्यघटना सगळ्यांना समान मानते, मग आम्हीच आजारपणात एकमेकांना परके का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. खटला रेंगाळला. तोवर वॉर्डात लोखंडी खुर्च्या आल्या आणि मी अडगळीत पडले. माझ्यावर फिनेलचे डबे बसू लागले.

निकालाची बातमी मला तिथेच कळली. झाडू ठेवायला आलेल्या मावशी सिस्टरांना सांगत होत्या, "कोर्ट म्हणालं, घटना त्यांचीही आहे. बाईचा बाईवर जीव असो, पुरुषाचा पुरुषावर असो, नाहीतर कुणी जन्माला मुलगा म्हणून येऊन बाई म्हणून जगत असो, हक्क कमी होत नाही."

"मग आपला नियमही बदलेल," सिस्टर म्हणाल्या.

"बदलायलाच हवा. त्या काचेवरचे कपाळाचे डाग मीच पुसलेत."

पुढे शिंपीकाका पुन्हा त्याच खाटेवर आले. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मावशींनी मला बाहेर काढले आणि अडगळीत मोडलेल्या माझ्या पायाला पट्टी ठोकून घेतली. नव्या सिस्टरांनी घड्याळकाकांना विचारले, "तुम्ही यांचे कोण?"

सवयीने ते बोलून गेले, "मावसभाऊ."

शिंपीकाकांनी पडल्या पडल्या डोळे वटारले. "अरे, एवढी वर्षं कोर्टात आपण काय काज-बटणं करत होतो?"

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. घड्याळकाकांनी कान पकडले. "चुकलो, सिस्टर. मी यांचा जोडीदार."

"मग उभे का? बसा ना."

ते बसले. किती वर्षांनी ते वजन माझ्यावर आले होते! मी सुखावले.

मित्रांनो, मिळालेला हक्कही माझ्या या पट्टीसारखा असतो. ती सैल होतेय का ते बघत राहावे लागते. तेवढे बघा. आणि एखाद्या खाटेपाशी कुणी आपले नाते सांगायला अवघडून उभे दिसले, तर आधी मला पुढे सरकवा. नाव-गाव मागाहून विचारता येते.