सुरईतला ओला अंधार

...पण सुरुवात माझ्याकडे नाही, मित्रांनो. मी एक जुनी सुरई आहे, मान तुटलेली. माझी गोष्टही तोंडापाशी तुटलेलीच घ्या.

चिनहटच्या एका कुंभाराने मला घडवलं. लखनौच्या छावणीत, मेजर चारुदत्तांच्या क्वार्टरमध्ये मी पहिला उन्हाळा काढला. लू वाहायची तेव्हा सगळे माझंच पाणी मागायचे. फ्रिजपेक्षा हिचं पाणी गोड, असं त्यांच्या पत्नी अनघाताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मी झिरपायचे. मातीच्या भांड्याचं स्वप्न असंच, थेंबाथेंबाने बाहेर येतं.

मग फरशी पुसताना मान गेली. व्हरांड्याच्या कोपऱ्यात मी कोरडी पडले. पाऊस येऊन गेला, धुकं येऊन गेलं. माझ्यात फक्त दुपार साठायची.

०

त्या घरात एक पाल आली. भिंतीवरची नव्हे, पाळलेली. पिवळी, ठिपक्यांची, जाड शेपटीची. तिला पापण्या होत्या, झोपताना ती डोळे मिटायची. मुलगी देविकाने तिचं नाव शीरमाल ठेवलं, इथल्या केशरी रोटीवरून. अनघाताई मात्र नुसतं ‘ती’ म्हणायच्या, आणि तिच्या काचेच्या पेटीजवळून जाताना ‘कृष्ण कृष्ण’.

फाल्गुनात शीरमालने खाणं सोडलं. दिवसभर काचेचा कोपरा खरवडायची. पोटाच्या पातळ कातडीतून दोन पांढरी अंडी दिसत होती. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की नर नसला तरी मादी अंडी धरते. त्यांतून पिल्लं येणार नाहीत, पण ती पोटातच अडकली तर ही जगणार नाही. हिला उकरायला ओली, अंधारी जागा हवी.

पेटीत तर वर्तमानपत्र अंथरलेलं. देविकाने प्लास्टिकचा डबा ठेवून पाहिला. शीरमालने त्यात पाऊलही टाकलं नाही.

“अंडे तो खाली हैं,” देविका रडवेली होऊन म्हणाली. “फिर भी?”

“रिकामी असली म्हणून काय झालं? तिला जागा लागणारच ना,” अनघाताई म्हणाल्या आणि व्हरांड्यात आल्या.

माझी तुटकी कड त्यांनी पॉलिशपेपरने घासली. बोट फिरवून बघायच्या, पुन्हा घासायच्या, कारण त्या पालीचं पोट तिथून सरकणार होतं. मग ओली माती आणि नारळाचा भुसा भरून मला पेटीत आडवं ठेवलं.

कितीतरी दिवसांनी मी झिरपले.

०

शीरमाल आत आली. लगेच उजेड आला. देविकाचा टॉर्च. शीरमाल बाहेर पळाली. पुन्हा आली, पुन्हा टॉर्च. दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. दगडाला टेकून पडून राहिली.

“बाळंतिणीच्या खोलीत टॉर्च मारतात का गं?”

“आई, मर गई तो?”

“तू बघितल्याने जगणार आहे का? इकडे बस. तिच्याकडे पाठ कर.”

दोघी पाठ करून मेथी निवडायला बसल्या. देविका मान वळवायला गेली, की अनघाताई तिच्या पुढ्यात आणखी एक जुडी टाकायच्या.

दुपार. मेथीचा वास. आणि माझ्या पोटात तिचे उकरणारे पंजे.

माती.

थांबणं.

माती.

वाटलं, मी पुन्हा चाकावर आहे आणि कुणीतरी मला आतून आकार देतंय.

एक अंडं. मग दुसरं. रिकामी होती, तरी झोपलेल्या मुलावर पांघरूण घालावं तशी तिने मागच्या पायांनी त्यांच्यावर माती ओढली. आजवर मी जे धरलं, ते ओतण्यासाठी. हे पहिलंच, जे ओतायचं नव्हतं.

ती बाहेर आली, बारीक होऊन. देविकाने पुढे धरलेला किडा तिने झडप घालून खाल्ला.

अनघाताई ‘कृष्ण कृष्ण’ म्हणाल्या नाहीत. “खा गं शीरमाल,” म्हणाल्या. “दमलीस.”

०

आता मी कोरडी पडत नाही. ती अधूनमधून येते, अनघाताई माती ओली करून ठेवतात. मित्रांनो, जीव पाळाल तेव्हा त्याला दाणापाणी द्यालच. सोबत थोडी ओली माती द्या, थोडा अंधार द्या. आणि मग पाठ फिरवून मेथी निवडत बसा.