लाभलेला खडा

हिरा ऑनलाइन घ्यायचा कसा, हे अपूर्वाने आईकडून, उमाकडून, फोनवर अगदी घोटवून घेतलं होतं. पोरगी पुण्यात बँकेत नोकरीला, तिचं सगळं रीतसर.

"प्रमाणपत्राशिवाय घ्यायचा नाही. प्रमाणपत्रावरचा नंबर ते देणाऱ्या संस्थेच्या साइटवर तपासायचा. पार्सल फोडताना व्हिडिओ काढायचा. आणि परत करायची मुदत संपायच्या आत सराफाला दाखवायचा म्हणजे दाखवायचा. कळलं ना?"

उमाला कळलं होतं आणि तिने यातलं एकूण एक केलंही. म्हणून तर पुढे जे झालं त्याचं खापर तिला कोणाच्या डोक्यावर फोडता येईना.

हिऱ्याचा ध्यास श्यामचा, उमाच्या नवऱ्याचा. शाळेतला हेडक्लार्क, जन्मभर पै पै जपणारा माणूस. पण अपूर्वाचं नाक टोचलं तेव्हा पोरीने रडून घर डोक्यावर घेतलं आणि हा बोलून गेला, "तुझ्या लग्नात हिऱ्याची चमकी घालीन." आता माघात लग्न ठरलं होतं. श्यामच्या पोटातला कॅन्सर माघापर्यंत दम धरील असं मात्र एकही डॉक्टर म्हणेना. त्यांनी त्याला घरी पाठवलं होतं. अंथरुणातल्या माणसाने राम आळीतली सराफांची दुकानं कशी पालथी घालायची? म्हणून मोबाइलवर बघून त्यानेच खडा पसंत केला आणि उमाने हातातली पाटली मोडली.

पार्सल आलं. उमाने व्हिडिओ काढला, नंबर तपासला, तो जुळला. खडा सराफाकडे न्यायला ती निघाली तर श्यामने हात पुढे केला.

"थांब गो. आधी लाभतो का बघू."

ही त्याच्या घरची रीत. हिरा सगळ्यांना लाभत नाही. तो पुडीत बांधून उशाखाली ठेवायचा. वाईट स्वप्नं पडली, घरात काही विपरीत झालं, तर ज्याचा त्याला देऊन टाकायचा. दुकानदार म्हणजे घरचा माणूस होता तेव्हाची ही रीत. मोबाइलवरच्या दुकानाला तिचं काय कौतुक? पण आजाऱ्यापुढे वाद कोण घालणार! उमाने पुडी उशाखाली ठेवली.

आणि श्याम झोपला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा, कण्हल्याशिवाय, सकाळपर्यंत. उठल्यावर त्याने पुडी उघडून खडा खिडकीच्या उजेडात धरला. "कडेला तीळ आहे बघ बारीकसा. लाभला गो मला," तो म्हणाला, आणि लहान पोरासारखा हसला.

दोन दिवसांनी, दुपारी त्याचा डोळा लागलेला बघून, शेजारच्या सखूला त्याच्यापाशी बसवून उमा पुडी घेऊन राम आळीत गेली. बाळा सराफांनी भिंगातून बघितलं, यंत्र लावलं, पुन्हा लावलं.

"वहिनी, हा हिरा नव्हे. प्रमाणपत्र खरं आहे, पण ते दुसऱ्याच खड्याचं. फसवलानी तुम्हाला. मुदत आहे तोवर आजच्या आज परत पाठवा."

उमा पुडी बांधून तडक निघाली. घरी आली तर सखू दारातच रडवेली उभी. आत श्यामने उशी फेकून दिली होती, चादर ओरबाडली होती. "कोणी नेलीन माझी पुडी?" तो ओरडत होता. इतकं ओरडायची ताकद त्याच्यात उरली असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने पुडी त्याच्या मुठीत दिली. मूठ मिटून तो गप्प झाला.

उमा काही भोळी नव्हती. तिने मोबाइलवर परतीचं नोंदवलं आणि बांगड्यांच्या दुकानातून तेवढाच एक अमेरिकन डायमंड आणून गुपचूप पुडीत बदलून ठेवला. खोट्याच्या जागी खोटा. कोणाला काय कळतंय!

सकाळी श्यामने पुडी उघडली. "हा तो नव्हे."

"अहो, तोच आहे."

"त्याला तीळ होता. माझा खडा दे, उमा."

तिला असा संताप आला! त्याच्यावर, त्या तिळावर, मेल्या त्या कंपनीवर. नाही म्हणजे नाही द्यायचा, असं ठरवून ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. त्या दिवशी गोळ्यांचा काही उपयोग झाला नाही. त्याचं विव्हळणं भिंतीतून येत राहिलं आणि ती तांदूळ निवडत राहिली, निवडलेलेच पुन्हा निवडत राहिली. संध्याकाळी कुरिअरवाल्याचा फोन आला. "मॅडम, रिटर्न आहे ना तुमचं? नाक्यावर आहे. आज शेवटचा दिवस दाखवतोय."

आतून श्याम कण्हला.

"नाही," उमा म्हणाली, "नाही पाठवायचं."

अपूर्वाने फोनवर विचारलं, "दाखवलास ना सराफाला? काय म्हणाले?" उमा म्हणाली, "अस्सल आहे." लेकीशी एवढं सरळ खोटं ती पहिल्यांदाच बोलली आणि जीभ जरासुद्धा अडखळली नाही याची तिला भीती वाटली.

दसऱ्यानंतर श्याम गेला. झोपेतच, तिळाच्या खड्याची पुडी उशाखाली.

दिवसकार्य आटोपल्यावर अपूर्वाने पुडी पर्समध्ये घातली. "चमकी करून घेऊ. बाबांनी दिलेली." उमाने आज नको, उद्या नको केलं. शेवटी गेल्या दोघी. वाटेत सांगू, रिक्षात सांगू, असं करता करता दुकान आलं. बाळा सराफांनी पुडी उलगडली आणि चष्म्यावरून बघितलं.

"हा अजून इथेच? वहिनी, मी बोललो होतो ना, परत पाठवा म्हणून?"

 अपूर्वाने पुडी पुन्हा बांधली, सराफांना नमस्कार केला आणि रिक्षा थांबवली. घरी पोचल्यावर ती बाबांच्या रिकाम्या खाटेवर बसली. उमाने तिला सगळं सांगितलं. सराफाचं, तिळाचं, कुरिअरचं.

"बाबांशी खोटं बोललीस ते समजलं," अपूर्वा म्हणाली. "माझ्याशी कशाला?"

"तुला खरं सांगितलं असतं तर तू परत पाठवायला लावला असतास."

 आई काहीतरी ऐकायला टपून बसली आहे, हे अपूर्वाला दिसत होतं.

"हो," ती म्हणाली. "लावलाच असता."