औषध होतं की पाणी?

मी डायलिसिस वॉर्डातली खुर्ची बोलतेय. खिडकीजवळची, निळ्या रेक्झिनची. माझ्या शेजारी एक यंत्र उभं असतं. ज्यांची मूत्रपिंडं थकली, त्यांचं रक्त ते गाळतं आणि परत अंगात सोडतं. तोवर माणसाला टेकायला जागा हवी. ती मी.

कारखान्यात माझ्यात फोम भरणारा कारागीर म्हणाला होता, "मजा आहे हिची, आरामखुर्ची आहे." मीही तेच धरून बसले. इथे आल्यावर मात्र गोंधळले. आराम करायला म्हणून माझ्याकडे कधी कुणी आलंच नाही.

माझ्यावर सगळ्यांत जास्त बसल्या त्या शिवणकाम करणाऱ्या मावशी. एक हात सुयांनी यंत्राला जोडलेला, पण तोंडाला विसावा नाही. "सिस्टर, बाही काखेत ओढतेय तुमची. पुढच्या वेळी दोरा-सुई घेऊन येते." सिस्टर म्हणायच्या, "मावशी, आधी हात हलवू नका!"

एके दिवशी मावशी बसल्या आणि "आई गं!" करून उठल्या. मांडीवर काळपट, कडक चट्टा होता. सिस्टर म्हणाल्या, "खुर्ची काचली असेल." मी काचले? मी तर होते तशीच होते. माझ्यावर मऊ गादी घातली, तरी चट्ट्याची जखम झाली, दुसऱ्या मांडीवरही चट्टा उठला. साडीचा काठ लागला तरी मावशी कळवळायच्या.

मग किडनीच्या डॉक्टरबाई स्टूल ओढून समोर बसल्या. "मावशी, दोष खुर्चीचा नाही. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत क्षार साचून त्या बुजतात. डायलिसिसवरच्या फार थोड्या लोकांना होतं हे. आणि थोड्यांनाच होतं, म्हणून खात्रीचं औषध अजून कुणी शोधलेलं नाही. एक औषध आहे, पण ते खरंच लागू पडतं का, याचा अभ्यास चाललाय. काहींना औषध, काहींना नुसतं सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी. कुणाला काय, ते शेवटी कळणार."

मावशींची मुलगी तडकली. "आई आधीच अर्धी झालीय. तिच्यावर प्रयोग करणार तुम्ही?"

"नाही म्हणालात तरी ड्रेसिंग, डायलिसिस, दुखण्याच्या गोळ्या, सगळं चालूच राहील. हवं तेव्हा मधूनही सोडता येईल."

"म्हणजे आंधळी कोशिंबीरच की," मावशी म्हणाल्या.

"हो. आणि माझेही डोळे बांधलेले आहेत."

मावशी हसल्या. मुलीला म्हणाल्या, "घे मला यांच्या खेळात. माझं काय व्हायचं ते होवो, पुढच्या बाईला तरी कळेल." मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. आई शहाणी की भोळी, हे तिला कळेना. मलाही कळलं नाही.

याच दुखण्यासाठी ट्रक चालवणारे ड्रायव्हरकाका दूरच्या गावाहून आले आणि शेजारच्या खुर्चीत बसू लागले. तेही अभ्यासात होते. दोघांना लावायच्या पिशव्या एकसारख्या, आतलं पाणीही दिसायला एकसारखं. काका पिशवी न्याहाळत म्हणायचे, "मावशी, तुमचं जरा दाट दिसतंय." मावशी म्हणायच्या, "डिझेलची सवय तुम्हाला. नाही तर बदलून घ्या!" आणि दोघं हसायची, हसताना दुखायचं म्हणून पुन्हा गप्प व्हायची.

हळूहळू मावशींची जखम भरू लागली. काकांची मात्र चिघळली. मावशींना आनंद झाला, पण तो चेहऱ्यावर यायच्या आत त्या शेजारी बघायच्या आणि पदर तोंडाशी धरायच्या. थट्टा बंद झाली. एकदा त्या मुलीला हळूच म्हणाल्या, "औषध माझ्याकडे आलंय गं. त्यांच्या वाट्याला पाणी." मुलगी म्हणाली, "तू थोडंच वाटलंस ते?" मावशींनी मान हलवली, पण पटल्यासारखी नव्हे.

काकांच्या जखमेतला संसर्ग रक्तात भिनला. ते गेले. शेजारची खुर्ची पुसून ठेवली, तिच्यावर दुसरं कुणी बसलं. मावशी तिकडे पाठ करून बसायला लागल्या.

पुढे अभ्यास संपला. डॉक्टरबाई मावशींकडे आल्या. "मावशी, तुम्हाला सलाइन होतं."

"पाणी?"

"पाणीच. काकांना औषध होतं."

मावशींच्या हाताखाली माझा दांडा करकरला. "मग मी बरी कशानं झाले?"

"ड्रेसिंगनं असेल, वाढवलेल्या डायलिसिसनं असेल, रक्त पातळ करायची गोळी बंद केली, त्यानं असेल. खरं सांगू? नक्की माहीत नाही."

"म्हणजे औषध वाईट?"

"तेही दोन माणसांवरून म्हणता येत नाही. सगळ्यांचं मिळून पाहिलं, तरी माणसं थोडी पडली. अजून बघावं लागेल."

इतकं सगळं सोसून उत्तर नाहीच? मला वाटलं, मावशी रागावतील. त्या म्हणाल्या, "इतके दिवस मी त्यांचं औषध चोरल्यासारखी जगले हो!" आणि रडायलाच लागल्या.

तेवढ्यात वॉर्डाच्या दारात एक बाई उभी राहिली. काकांची बायको. तिलाही निकाल ऐकायला बोलावलं होतं. ती दारातूनच विचारती झाली, "डॉक्टर, आमच्यांना काय होतं? औषध होतं की पाणी?"

डॉक्टरबाई तिच्याजवळ गेल्या. "औषध होतं, काकू. पण ते उपयोगी पडलं नाही."

बाईनं डोळे मिटले. मला वाटलं, आता ही कोसळणार. ती सावकाश म्हणाली, "औषध होतं ना? बरं झालं. मला वाटायचं, नुसत्या पाण्यावर ठेवून माझा माणूस घालवला." आत येऊन तिनं मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमच्याबद्दल फार बोलायचे हे. बऱ्या झालात ना?"

मावशींनी तो हात दोन्ही हातांत धरायला पाहिला, पण एक हात यंत्राला जोडलेला. मग एकाच हातानं घट्ट धरला.

आता माझं रेक्झिन उसवलंय, पाठ टेकवली की मी कुरकुरते. नवी खुर्ची येणार म्हणतात. जायचं वाईट वाटत नाही. पण जे औषध कामी आलं नाही, त्याच्या नुसत्या नावानं त्या बाईचं ओझं कसं उतरलं, हे मला अजून उमगलेलं नाही. तुम्ही माणसं आहात. तुम्हाला कळलं असेल, तर मी इथे आहे तोवर येऊन सांगा. माझ्यावर बसायची वेळ मात्र तुमच्यावर कधी न येवो.