आधी पाणी बंद

तिचा हात फोनपर्यंत पोचायच्या आत हेडक्लार्कांनी रिसीव्हर उचलून कानाला लावलाही होता.

"पाणीपुरवठा, बोला," ते म्हणाले आणि दुसऱ्या हाताने त्यांनी तिच्यापुढे कप सरकवला. "तू चहा घे बाळ, गार होईल."

तक्रारी घेण्याची ही सरकारी जागा अंध उमेदवारासाठी राखीव होती आणि परीक्षा देऊन तिने ती मिळवली होती. तिला टेबल होतं, बोलणारा संगणक होता, खुर्चीवर नवी गादीसुद्धा होती. नव्हतं ते फक्त काम. सगळे तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत. संध्याकाळी आई विचारायची, "दमलीस का गं?" आणि ती खोटंच हो म्हणायची.

त्या दुपारी साहेबांच्या केबिनचं दार लोटायचं राहिलं.

"तिचं चाचणीचं वर्ष संपतंय," साहेब आत हेडक्लार्कांना विचारत होते. "कायम करायचं की नाही, ते तुमच्या शब्दावर आहे. काम कसं आहे तिचं?"

"पोरगी फार गुणी आहे, साहेब."

"मी काम विचारतोय."

हेडक्लार्कांनी घसा खाकरला. पुढे काहीच ऐकू आलं नाही. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, हीच पंचाईत होती.

"शुक्रवारी सांगा," साहेब म्हणाले.

तिने हातातला कप खाली ठेवला. इतक्या मायेने कोणाची नोकरी घालवता येते, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. तिला त्यांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी आली. हेडक्लार्कांच्या टेबलावरचा फोन तिने चाचपून उचलला आणि वायर ओढत आपल्या टेबलावर आणून ठेवला.

"अगं, फोन कुठे गेला?" हेडक्लार्कांनी आल्या आल्या विचारलं.

"माझ्याकडे आहे, काका."

"कशाला उगाच त्रास करून घेतेस?"

"त्रासाचाच तर पगार घेते."

पहिलीच तक्रार आली ती शाळेमागच्या गल्लीतली. तिथला पाइप गळत होता. तिने पत्ता टंकला, संगणकाकडून परत वाचून घेतला आणि फिटरला फोन करून तिकडे पाठवलं. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

डबे उघडायच्या वेळी फिटर दारात उभा राहिला, नखशिखान्त भिजलेला.

"तक्रार कोणी घेतली?"

"मी," ती म्हणाली.

"ओ मॅडम, झोपा काढता का इथे? पाणी बंद करायला व्हॉल्व्हमनला कोण सांगणार, तुमचे तीर्थरूप? मी जोड सोडला आणि सगळ्या गल्लीचं पाणी माझ्या अंगावर!"

हेडक्लार्कांची खुर्ची करकरली.

"अरे, जरा बघून बोल. तिला..."

"काका, थांबा." ती उठून उभी राहिली. "चूक माझी आहे. मला माहीत नव्हतं."

"वर्ष झालं ना इथे बसून? तरी माहीत नाही?"

याचं उत्तर हेडक्लार्कांकडे होतं. ते खाली बघत होते.

फिटरने शर्टाचं टोक पिळलं. त्याचा आवाज जरा उतरला.

"आधी पाणी बंद, मग माणूस. एवढं पाठ करा."

"केलं."

तो गेला. तिला रडू येत होतं आणि कुठेतरी बरंही वाटत होतं. या ऑफिसात आज पहिल्यांदाच तिच्यावर कोणी तोंड टाकलं होतं.

गलका ऐकून साहेब बाहेर आले होते.

"काय झालं?"

"तिने तक्रार घेतली, साहेब. व्हॉल्व्हमनला कळवायचं राहिलं," हेडक्लार्क म्हणाले. "चुकली ती. पण मी तिला कधी शिकवलंच नाही."

"मग शुक्रवारी काय सांगणार?"

तेवढ्यात फोन वाजला. हेडक्लार्कांचा हात सवयीने पुढे गेला, फोन नव्हता तिथे, आणि रिकामाच मागे आला.

"पाणीपुरवठा, बोला," ती म्हणाली. सगळं ऐकून घेतलं, टंकलं. मग वळून विचारलं, "काका, व्हॉल्व्हमनचा नंबर?"

नंबर लावून द्यायला ते अर्धवट उठले होते. ते पुन्हा खाली बसले आणि एकेक आकडा सावकाश सांगू लागले.