बाहुलीचा दुसरा भाग

पिक्चर बघून कुणी बंदोबस्त शिकतं का? पण तीर्थपुरी गावानं तसंच ठरवलं होतं, आणि सत्यशीलाचा जीव नुसता तळतळत होता.

झालं असं, की दुष्काळानंतरच्या तिसऱ्या पोळ्याला गावच्या तंबूत बाहुलीचा पिक्चर लागला. मान गरकन फिरवून माणसं मारणारी बाहुली. बाया पदरात तोंड घालून किंचाळल्या. आठ दिवसांनी पुष्पाबाईच्या वच्छीला ताप भरला आणि पोर बरळली, "बाहुली बघून राह्यली." मग काय विचारता! सगळी बोटं सत्यशीलाच्या बालवाडीकडं वळली.

बौद्धवाड्यातल्या विहाराच्या ओसरीवर तिची बालवाडी भरे. शिंप्याकडच्या चिंध्यांच्या अकरा बाहुल्या तिनं स्वतः शिवल्या होत्या. वरच्या आळीची लेकरंही तिथं येत, खेळत, सगळ्यांबरोबर एका पंगतीत उसळ खात. हे जमवायला तिला तीन वर्षं लागली होती.

वच्छीचा आजा कारभारी म्हणजे वरच्या आळीचा शब्द. तो म्हणाला, "बाहुल्या जाळा, न्हाईतर आमची लेकरं बंद." कुणीतरी शंका काढली, जाळल्यावर बाहुली जास्तच चवताळली तर? मग कारभारीनंच तोड काढली, "दुसरा भाग येऊन राह्यलाय. त्यात तिचा बंदोबस्त दाखवतील. बराबर तसाच करू."

शनिवारी दिवेलागणीलाच तंबू भरला. सत्यशीला एक बाहुली मांडीवर घेऊन बायांच्या बाजूला सगळ्यात पुढं बसली. बघू द्या सगळ्यांना!

आणि पिक्चर कसला तो! पहिली बाहुली टीचभर होती, ही गालफुगी, धान्याच्या पोत्याएवढी. उडाली की वरची तार चकाकायची. एकदा तर पिक्चरमध्येच बाजूनं तिला ढकलणारा हातच दिसला, मनगटावर घड्याळ. सायकलवाला संपत ओरडला, "ओ घड्याळवाले, किती वाजले?" तंबू खदखदून हसला. मग बाहुलीनं बागेत गाणं म्हटलं, आणि शेवटी पाय घसरून विहिरीत पडली. ना मंत्र, ना लिंबू, ना जाळपोळ. संपला पिक्चर.

दिवे लागले. लोक चिडून बोंबलायला लागले. कारभारीनं घसा खाकरला. "हा नकली हाय. पैला खरा होता. बाहुल्या जाळायच्याच."

सत्यशीला उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला.

"कारभारीदादा, बंदोबस्त बघायला आल्ता ना? बघितला. पाय घसरला अन् मेली. मंग आता जाळायचं कशापायी?"

"बाई, बाहुली म्हंजे बाहुली. वाईट ती वाईटच."

"मंग तुमच्या डोळ्यात दोन बाहुल्या हायत, त्या आधी काढा!" पोरं फिदीफिदी हसली, पण ती हसली नाही. "अन् खरं बोला, दादा. बाहुलीचं भेव न्हाई तुम्हाला. तुमची नात माझ्या हातचं खाती, त्याचं भेव हाय."

कारभारीचा चेहरा लाल झाला. "सोमवारपासून आमच्या आळीचं एक लेकरू यायचं न्हाई."

"नका पाठवू. माझी एकबी बाहुली जळायची न्हाई."

सोमवारी बावीसपैकी नऊ लेकरं आली. वरच्या आळीचं कुणीच नाही. रागाच्या भरात आपणच आपल्या हातानं सगळं मोडलं का, असं सत्यशीलाच्या मनात येऊन गेलं. तरी तिनं अकराच्या अकरा बाहुल्या ओसरीवर मांडल्या आणि गाणं सुरू केलं.

गाणं अर्ध्यात असताना पुष्पाबाई आली. कारभारीची थोरली सून, तंबूत एक शब्दही न बोललेली. डोक्यावर पदर, कडेवर वच्छी. आजवर ती पोरीला मागच्या बोळातून सोडायची. सत्यशीला घाबरून म्हणाली, "अगं, चोरून कशाला आलीस? घरी कळलं म्हंजे?"

पुष्पाबाईनं वच्छीला ओसरीवर उतरवलं आणि पदर खोचला.

"चोरून कशाला येऊ, बाई? मामंजी दारातल्या वट्ट्यावर बसलेत. त्यांच्या म्होरूनच आले."