पाचव्या गाण्यातला दुसरा आवाज

संपादकांना एकेका गाण्यावर चार-चार ओळी हव्या होत्या. "त्या जुन्या पॉप अल्बमची नवी, झकपक आवृत्ती आलीय. लोकांना जरा जुनं आठवू दे. वाकड्यात शिरू नकोस," एवढं बजावून त्यांनी फोन ठेवला.

पहिलं गाणं अजून ठणठणीत आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला न्हाव्याच्या दुकानात हे लागलं की कात्रीसुद्धा ठेका धरायची. दुसऱ्यात सिंथेसायझर उगाच लुडबुड करतो. तिसरं सुंदर. चौथं तेव्हाही रटाळ होतं, आता ते रटाळ असून मोठ्याने वाजतं. इथपर्यंत मी गुमान लिहिलं.

पाचव्यासाठी ताईला हाक मारली. ती हात पुसत आली आणि खुर्ची ओढून बसली. गळ्याच्या ऑपरेशननंतर तिला आवाज राहिलेला नाही, नुसती कुजबुज. पण कॉलेजात असताना या गाण्यातला दुसरा आवाज तिने दिला होता. दुसऱ्या कडव्याला ती घाईघाईत जरा आधीच आत घुसली, आणि रेकॉर्डिस्टला ती गडबड इतकी आवडली की त्याने ती तशीच ठेवली. तबकडीच्या वेष्टनावर तिचं नाव नव्हतं. आईला त्याचं काही नव्हतं. घरी कुणीही येवो, अगदी मीटर बघायला आलेला माणूस असो, आई सुई उचलून बरोबर तिथेच टेकवायची आणि म्हणायची, "ही आमची." इतक्यांदा टेकवली की तबकडी नेमकी तेवढ्याच जागी झिजली. आता तिथे फक्त खरखर आहे. म्हणून या नव्या आवृत्तीकडे आम्ही दोघं डोळे लावून बसलो होतो.

कडवं जवळ आलं. ताईने टेबलावर बोट टेकवलं, जरा आधी, तिच्या जागेवर. काहीच आलं नाही. मग ठेक्यावर, शहाण्या मुलासारखा, मुख्य गायकाचाच आवाज आला. तिला पुसून त्याने तिथेही स्वतःलाच बसवलं होतं.

माझं डोकंच फिरलं. कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, तिथे एक चूक होती, ती दुरुस्त केलीय. जुन्या टेपा आता नाहीत."

"चूक नव्हती ती. माझी बहीण होती," मी म्हणालो, आणि पुढे जे म्हणालो ते छापण्यासारखं नाही.

ताईने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "राहू दे रे," ती कुजबुजली. "कसं होतं ते तूच एकदा म्हणून दाखव."

मला उभ्या जन्मात सूर लागलेला नाही. तरी म्हटलं. ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तिचं हसणंही आता ऐकू येत नाही.

सहाव्यापासून पुढे मी ऐकलंच नाही. पाचव्याखाली जे लिहिलं, ते संपादकांनी कुरकुरत का होईना, छापलं: "ही आवृत्ती घेऊ नका. हे गाणं ज्या घरात कधीच कुणाला आवडलं नाही, त्या घरातली जुनी तबकडी मला हवी आहे."